ऑपरेशन होऊनही मान तिरकीच

मुक्ताची आई: लेक ६ वर्षांची. उजव्या डोळ्याचा सुपीरियर ऑब्लिक (डोळा फिरवणारा एक) स्नायू जन्मतः कमजोर, म्हणून मान डाव्या खांद्याकडे कललेली. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. डोळे आता सरळ दिसतात, पण टीव्हीसमोर बसली की वेणी पुन्हा डाव्या खांद्याला टेकते. सासूबाई म्हणतात, सवय आहे, जाईल. माझ्या जीवाला घोर लागलाय.

ऑर्थोप्टिस्ट (तिरळेपणा तपासणारे तज्ज्ञ): ताई, तिचा एक डोळा थोडा वेळ झाकून बघा. मान सरळ झाली तर डोळ्यांत तिरळेपणा अजून थोडा उरला असणार. प्रिझमने, म्हणजे तिरळेपणा मोजायच्या खास काचेने, मोजून घ्या. झाकूनही कललेलीच राहिली तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. आणि 'सरळ बस' म्हणून ओरडू नका हो, ती मुद्दाम करत नाही.

ओमचे बाबा: आमचं मानेचंच निघालं. स्नायू दोरीसारखा ताठ. फिजिओथेरपिस्टने स्ट्रेचिंग शिकवलं, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर करायचो. हळूहळू मान सुटली. मनाने मात्र ताणू नका. ऑपरेशनआधीचे फोटो सोबत न्या, डॉक्टरांना तुलना करता येते.

मुक्ताची आई: आत्ताच रुमाल बांधून पाहिला. मान बरीच सरळ झाली! सोमवारची वेळ घेतलीय.