गोदावरीतील चढणीचे मासे नेमके कुठून येतात, हे त्यांच्या कानातल्या खड्यावरून कळेल का?

गोदाकाठ (प्रश्न)

मी नाशिकमध्ये प्राणिशास्त्र शिकवते. पावसाळ्याच्या आरंभी गोदावरीला पहिले पाणी आले, की निफाड तालुक्यातील पात्रात चढणीचे मासे मिळू लागतात. हे मासे जायकवाडीच्या फुगवट्यातून वर चढत येतात, जवळच्या डोहांत वर्षभर राहून केवळ विणीपुरते हलतात, की गंगापूर आणि दारणा धरणांत सोडलेली बोटुकलीच (बोटाएवढी पिले) सांडव्यावरून वाहून येऊन खाली वाढते, याविषयी मासेमारी करणाऱ्यांतही एकमत नाही. माशांना खुणेची चकती लावून सोडण्याचा मार्ग आम्हांला परवडणारा नाही, कारण त्यासाठी फार मोठ्या संख्येने मासे सोडावे लागतात आणि त्यांतले थोडेच पुन्हा हाती लागतात.

माशाच्या कानातील खड्यातील, म्हणजे ऑटोलिथमधील स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून त्याचा प्रवास ओळखता येतो, असे मी वाचले आहे. परंतु ही पद्धत खडकांच्या वेगळेपणावर उभी आहे, आणि आपला जिल्हा तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळ्या कातळाचा आहे. अशा ठिकाणी तिचा उपयोग होईल का? होत असल्यास सुरुवात कोठून करावी?

जलवेध

प्रथम पद्धतीचे मर्म सांगतो, म्हणजे तिची मर्यादाही स्पष्ट होईल. ऑटोलिथ हा मुख्यतः अ‍ॅरॅगोनाइट या रूपातील कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. मासा जिवंत असेपर्यंत त्यावर थर चढत राहतात, आणि एकदा बसलेला थर शरीर पुन्हा विरघळवून वापरत नाही. हाडे आणि खवले यांच्याबाबत अशी खात्री देता येत नाही. अनेक जातींच्या पिलांत हे थर रोजचे असतात, ही गोष्ट १९७१ साली पॅनेला या संशोधकाने दाखवून दिली. त्यामुळे ऑटोलिथच्या पातळ कापावर गाभ्यापासून कडेपर्यंत लेझर फिरवला आणि उडालेले कण मास स्पेक्ट्रोमीटर या अणूंचे वजन मोजणाऱ्या यंत्रात मोजले, तर जन्मापासून मरणापर्यंत मासा कोणत्या प्रकारच्या पाण्यात होता, याची क्रमवार नोंद हाती येते.

कॅल्शियमच्या जागी थोडेसे स्ट्रॉन्शियम आणि बेरियम बसते. त्यांचे कॅल्शियमशी असलेले प्रमाण पाण्यावर अवलंबून असते. मात्र तापमान, वाढीचा वेग आणि माशाची शरीरक्रिया यांचाही त्यावर परिणाम होतो. स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ या समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंच्या, गुणोत्तराचे तसे नाही. शरीरात शिरताना होणारा किंचित फरक मोजणीच्या वेळीच दुरुस्त केला जातो, म्हणून ऑटोलिथमधील गुणोत्तर पाण्यातील गुणोत्तराशी थेट ताडून पाहता येते. अलास्कातील नुशागाक नदीच्या खोऱ्यात चिनूक सामन मासे कोणत्या उपनद्यांत जन्मले, हे याच आधारावर ओळखण्यात आले. ते संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले.

येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. ऑटोलिथ गावाचे नाव सांगत नाही, तो पाणी सांगतो. दोन ठिकाणचे पाणी सारखे असेल, तर त्या दोन ठिकाणांत मासा कितीही हिंडला तरी ऑटोलिथमध्ये फरक दिसणार नाही.

कातळ

मी भूविज्ञानाचा आहे, म्हणून खडकांपुरते लिहितो. रुबिडियम-८७ चा ऱ्हास होऊन स्ट्रॉन्शियम-८७ तयार होते, आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे ४,९०० कोटी वर्षे आहे. त्यामुळे रुबिडियम भरपूर असलेल्या अतिप्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस खडकांत हे गुणोत्तर वाढलेले असते, बहुधा ०.७२ च्या पुढे. आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे भूविज्ञानाच्या मानाने तरुण, आणि त्यात रुबिडियमही कमी. विदर्भातून प्राणहिता आणि बस्तरातून इंद्रावती येऊन मिळाल्यावर गोदावरीच्या पाण्यात जुन्या खडकांचा ठसा उमटतो. राजमहेंद्रीकडचा मासा आणि नाशिककडचा मासा वेगळे काढायचे असतील, तर ते काम तुलनेने सोपे आहे.

तरीही दख्खनचा कातळ एकजिनसी आहे, असे समजू नये. लाव्हा वर येताना भूकवचातील जुन्या खडकांशी त्याची किती सरमिसळ झाली, त्यानुसार थरांचे गुणोत्तर बदलते. आंबेनळी थरांत ते ०.७०४ च्या आसपास आहे, तर बुशे थरांत ०.७१३ च्या वर जाते. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीच्या नावानेच ओळखला जाणारा थर आहे, आणि दारणेचा उगम त्याच भागातला. म्हणून दारणा, कादवा आणि वरची गोदावरी यांच्या पाण्यात मोजण्याजोगा फरक सापडणे शक्य आहे. पाऊस, शेतातील खते आणि सांडपाणी हा फरक कमी करू शकतात किंवा वाढवूही शकतात, त्यामुळे नकाशावरचा खडक पाहून पाण्याचे गुणोत्तर गृहीत धरणे धोक्याचे आहे. पाणी प्रत्यक्ष मोजलेच पाहिजे.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. मग आम्ही आधी पाण्याचा नकाशा तयार करावा, असे दिसते. रोहू, कटला, मृगळ यांपासून आरंभ करावा, की स्थानिक जातींपासून?

बोटुकली

मत्स्यबीज केंद्रातील कामाच्या अनुभवावरून सुचवते, की रोहू आणि कटला यांचाच प्रश्न आधी घ्यावा. त्या जाती मुळात उत्तरेकडील नद्यांच्या असून आपल्या धरणांत बीज सोडूनच वाढवल्या गेल्या आहेत. पिले सुरुवातीचे आठवडे केंद्राच्या टाक्यांत आणि संगोपन तळ्यांत काढतात. तेथे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी असेल, तर ते खडकात बराच काळ मुरलेले असल्यामुळे नदीच्या पाण्यापेक्षा त्यातील स्ट्रॉन्शियम आणि बेरियमचे प्रमाण वेगळे असण्याचा संभव मोठा आहे. गाभ्याजवळ त्या पाण्याचा पट्टा आणि त्याबाहेर एकदम झालेला बदल दिसला, तर तो मासा सोडलेला होता असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येईल. तसा पट्टा नसलेले मासे नदीतच जन्मलेले असावेत, आणि सोडलेल्या जाती येथे स्वतः विणू लागल्या आहेत का, हा प्रश्न स्थानिक माशांच्या भवितव्यासाठी फार मोलाचा आहे. मात्र ज्या केंद्रांतून बीज आले, त्या प्रत्येकाच्या पाण्याचा नमुना हवा.

जलवेध

वरील सूचना मला सर्वांत उपयुक्त वाटते. तिच्यात दोन दुरुस्त्या जोडतो. अगदी मधल्या बिंदूवर विसंबू नका, कारण तेथे अंड्यातील बलकामार्फत मादी ज्या पाण्यात होती त्याचा अंश उतरतो; त्याच्या किंचित बाहेरचा भाग वाचावा. शिवाय रोहूच्या कुळातील माशांत सॅजिटा हा ऑटोलिथ सुईसारखा नाजूक असतो, म्हणून लॅपिलस हा कानातला दुसरा ऑटोलिथ वापरणे सोयीचे ठरते. तो काढताना प्लास्टिकचा चिमटा घ्यावा, अतिशुद्ध पाण्याने धुऊन कोरडा ठेवावा आणि फॉर्मॅलिनमधील जुने मासे या कामाला घेऊ नयेत.

पाणी एकदाच घेऊन भागणार नाही. मे महिन्यात पात्रात धरणातून सोडलेले आणि शहरातून आलेले पाणी असते, जुलैमध्ये पुराचे, ऑक्टोबरमध्ये जमिनीतून झिरपून आलेले. किमान या तीन काळांत गंगापूर धरणाखाली, दारणा आणि कादवा यांच्या संगमांच्या वर व खाली, आणि जायकवाडीच्या फुगवट्यात नमुने घ्यावेत. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य असून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे; तेथे वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करू नये. मासे बाहेरच्या पात्रातील परवानाधारकांच्या जाळ्यांतून, पकडल्याची जागा आणि दिवस नोंदवून घेता येतील. महासीरसारख्या जातींसाठी मासा न मारता परांच्या काट्याचा लहान तुकडा घेण्याचा पर्याय आहे. तो ऑटोलिथइतका भरवशाचा नसला, तरी संख्येने कमी उरलेल्या माशांबाबत तोच योग्य.

समस्थानिकांची मोजणी खर्चाची असल्याने आधी स्ट्रॉन्शियम आणि बेरियमची कॅल्शियमशी प्रमाणे पाहावीत आणि ज्या माशांत ठळक बदल दिसेल तेवढेच पुढे पाठवावेत. भारतीय नद्यांतील स्ट्रॉन्शियमवर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने दीर्घकाळ काम केले आहे. सहकार्यासाठी तेथे विचारणा करणे मला रास्त वाटते. पत्रासोबत पाण्याची आकडेवारी जोडता आली, तर उत्तम.

गोदाकाठ

येत्या मे महिन्यात पाण्याचे नमुने घेण्याचे आम्ही ठरवत आहोत. संगमांवरील जागा निवडताना कातळ यांनी थरांचा नकाशा पाहून मदत करावी, आणि बोटुकली यांनी बीज कोठून आले याच्या नोंदी कशा मागाव्यात ते कळवावे, ही विनंती.