विषय: केनेडी लायब्ररीची सहल

नमस्कार मंडळी,
ज्येष्ठांना घेऊन बॉस्टनची केनेडी लायब्ररी, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचं संग्रहालय, बघायची आहे. गाड्या न काढता रेड लाइन मेट्रोने जमेल का? वेळ किती धरावा? भारताविषयी तिथे काही आहे का?

——

सप्रेम नमस्कार,
जमेल. जेएफके-यूमास स्टेशनवर उतरलात की पुढे मोफत शटल आहे. ज्येष्ठांना चालवू नका. अंतर मैलाहून जास्त, त्यात खाडीचा वारा. घोळ होतो तो परतताना. अ‍ॅशमाँट आणि ब्रेनट्री, रेड लाइनच्या या दोन्ही फाट्यांचे फलाट इथे वेगळे आहेत. शहराकडची पुढची गाडी कुठल्या फलाटावर येणार ते फलकावर वाचा आणि मगच सगळ्यांनी मिळून जिना उतरा. नाहीतर निम्मी मंडळी इकडे, निम्मी तिकडे.

आत अडीच तास तरी धरा. सुरुवातीचा छोटा माहितीपट चुकवू नका. बालपणापासून १९६० च्या उमेदवारीपर्यंतचा भाग त्यातच येतो आणि दालनं त्याच्या पुढून सुरू होतात. तो न बघता खाली गेलेल्यांना पहिल्या दोन खोल्या तुटक वाटतात. नारळाची करवंटी मात्र शोधून बघा. ऑगस्ट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेने केनेडींची पीटी-१०९ ही टॉर्पेडो बोट कापली, तेव्हा केनेडींनी सुटकेसाठी निरोप कोरला तो हिच्यावर. ‘११ जिवंत’ असे शब्द त्यात आहेत. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्या मेजावर ती पेपरवेट म्हणून होती.

२२ नोव्हेंबर १९६३, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दिवसासाठी, एक अंधारी, जवळजवळ निःशब्द वाट आहे. तिथे गप्पा नकोत, मुलांना आधीच सांगून ठेवा. शेवटी वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी उभारलेलं काचेचं उंच दालन आणि समोर समुद्र. इथे निवांत बसू द्या.

——

भारताबद्दल थोडी भर घालते.
खरा ऐवज दालनांत नाही, अभिलेखागारात आहे. १९ नोव्हेंबर १९६२ ला, चीन युद्ध ऐन भरात असताना, नेहरूंनी केनेडींना लिहिलेली दोन पत्रं तिथे आहेत. हवाई मदत मागणारी. (यशवंतराव संरक्षणमंत्री झाले ते त्याच महिन्यात!) तेव्हाचे दिल्लीतले अमेरिकी राजदूत गालब्रेथ यांची कागदपत्रंही तिथेच आहेत. पण वाचनकक्षात जायला आधी वेळ ठरवावी लागते, संग्रहालयाचं तिकीट तिथे चालत नाही. सहलीच्या दिवशी हे जमवू नका. ज्यांना हवं त्यांनी कामाच्या दिवशी वेगळं जावं. नेहरूंच्या नोव्हेंबर १९६१ च्या भेटीची छायाचित्रं मात्र त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, ती ज्येष्ठांना निघण्याआधीच दाखवा.