मुंबई-न्यूयॉर्क : जाताना साडेसहा तास आणि येताना चोवीस?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
आम्ही उभयता जूनमध्ये पहिल्यांदाच मुलीकडे न्यूयॉर्कला जाणार आहोत. तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ रात्री १.३० आणि पोहोचण्याची त्याच दिवशी सकाळी ८ अशी आहे. परतीचे विमान मात्र सकाळी ११ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला मुंबईत उतरते. दोन्ही विमाने थेट आहेत, मग एवढा फरक कशामुळे पडतो? शिवाय भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते, आणि मुलगी म्हणते की जवळची वाट ग्रीनलँडकडून आहे.

उत्तर १ (शाहूपुरी)
तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असते (हिवाळ्यात साडेदहा), त्यामुळे तिथले सकाळचे ८ म्हणजे आपले संध्याकाळचे ५.३०, प्रवास सोळा तासांचा झाला. परतीला तिथले ११ म्हणजे आपले रात्रीचे ८.३०, तेव्हा येताना साडेचौदा तास लागतात. आपला हिशेब नेमका उलटा पडला आहे.

उत्तर २ (निवृत्त भूगोल शिक्षक, कळंबा)
पट्टी बाजूला ठेवून घरात पृथ्वीगोल असेल तर तो घ्यावा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर बोटाने दाबून दुसरे न्यूयॉर्कपर्यंत ताणले, की दोरा आपोआप वर सरकतो आणि मॉस्कोजवळून, फिनलंडवरून, सुमारे ६५ अक्षांशापर्यंत चढून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशेजारून खाली उतरतो. हे अंतर साधारण १२,५०० किलोमीटर भरते. विषुववृत्तावर एक रेखांश १११ किलोमीटरचा असतो, ६० अक्षांशावर तो निम्माच उरतो. सपाट नकाशात मात्र दोन्ही सारख्याच रुंदीचे काढलेले असतात, आणि पट्टी फसते ती तिथेच. प्रत्यक्षात विमान हा दोरा तंतोतंत धरत नाही, कारण वारा, युद्धक्षेत्रे आणि बंद हवाई हद्दी पाहून मार्ग ठरतो; पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केल्यावर असे वळसे वाढले.

येताना वेळ वाचतो तो वाऱ्यामुळे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो, ज्याला जेट प्रवाह म्हणतात. जाताना तो बहुधा समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो. पृथ्वी खालून फिरते म्हणून जाताना गाव लवकर यायला हवे, असा तर्क वर्गात दरवर्षी कोणीतरी मांडायचेच, पण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

उत्तर ३ (रंकाळा)
वरचे सगळे बरोबर आहे, परंतु साडेबारा हजार किलोमीटरना सोळा तास आणि कोल्हापूर-मुंबई पावणेचारशेंना रस्त्याने आठ, हेही धरून चालावे; त्यात विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे असते. आणखी एक. रात्री १.३० च्या विमानाची तारीख नीट पाहावी. तिकिटावर १२ असेल तर ११ च्या रात्रीच विमानतळ गाठावा लागतो. आमचे मेहुणे १२ च्या दुपारी कोल्हापुरातच तावडे हॉटेलपाशी बॅगा आणि लाडवांचे डबे घेऊन बसची वाट पाहत उभे होते, तेव्हा त्यांचे विमान न्यूयॉर्कच्या जवळ पोहोचत आले होते.