तपकिरी मेदात 'ताप' कुठला?

खानापूरकर : २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मायक्रोआरएनएच्या, म्हणजे पेशीतल्या आरएनएच्या चिमुकल्या तुकड्यांच्या, शोधाला मिळाल्यापासून मुलं विचारतात, म्हणून त्यांचा लठ्ठपणाशी काय संबंध यावर एक मराठी टिपण करतोय. 'ब्राऊन फॅट'ला 'तपकिरी मेद' लिहिलं. एकानं विचारलं, "सर, ही चरबी अंग तापवते म्हणून तप-किरी काय?" क्षणभर मलाही पटलं! आणि 'थर्मोजेनेसिस'ला, म्हणजे शरीरानं उष्णता तयार करण्याला, काय म्हणू? 'उष्णताजनन' जिभेवर बसत नाही.

निपाणीकर : नाही ओ! तपकीर म्हणजे नाकात ओढायची तंबाखूची पूड, तिचा रंग तो तपकिरी. निपाणीच्या माणसाला हे सांगायला लागत नाही. योगायोग झकास आहे खरं. त्या मेदाचा रंग पेशींत खच्चून भरलेल्या मायटोकॉन्ड्रियांतल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतल्या, लोहामुळं येतो. तिथलं यूसीपी१ हे प्रथिन असं काम करतं, की इंधन जळतं पण एटीपी या पेशीच्या ऊर्जा-रेणूऐवजी उष्णता निघते. सरळ 'ऊब निर्माण करणं' लिहा.

चिकोडीची ताई : 'मेद'च ठेवा, सर. चरबी म्हटलं की 'लई चरबी आलीया तुला' ऐकू येतं. कन्नडातही 'कोब्बु' म्हणजे चरबी आणि माज, दोन्ही! लठ्ठ माणसाच्या आजाराला माजाचा वास कशाला?

खानापूरकर : मान्य. मायक्रोआरएनए 'जनुक बंद करतो', हे चालेल?

निपाणीकर : नको. जनुकावरून प्रथिन बनवायचा निरोप नेणारा संदेशवाहक आरएनए तयार झालेलाच असतो. मायक्रोआरएनए हा साधारण २२ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या कड्यांचा) तुकडा त्याला चिकटतो, मग प्रथिन कमी बनतं किंवा तो संदेशच मोडतो. बऱ्याचदा पुरतं बंद होत नाही, म्हणून 'आवर घालतो' म्हणा. मायक्रोआरएनए-१३३ हा पीआरडीएम१६ या प्रथिनाला आवर घालतो, आणि तपकिरी मेदपेशी घडवायला तेच लागतं. उंदीर थंडीत ठेवले की १३३ घटतो, आवर सुटतो, पांढऱ्या मेदातही ऊब देणाऱ्या पेशी दिसू लागतात. मायक्रोआरएनए-१९६ए चं उलटं. तो होक्ससी८ या प्रथिनाला आवरतो, आणि होक्ससी८ च त्या पेशींना अडवत असतो. म्हणजे आवरणाऱ्याला आवर.

चिकोडीची ताई : मग जांबोटीच्या थंडीत दोन महिने राहिलं की बारीक व्हायचं?

निपाणीकर : उंदीर असाल तर बघा!

चिकोडीची ताई : बरं. खरं, तुम्ही सगळीकडं 'तो' लिहिलंय. आरएनए हे आम्ल, म्हणजे 'ते' नको?

खानापूरकर : वर्गात तोंडातून 'तो'च येतो, ताई. टिपणात 'ते' करतो.