मदत हवी: फॉइलमधली ट्यूबही पिवळी आली, रनियनचा कोणता गट धरू?

नमस्कार. मी नागपूरला एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात नळाच्या पाण्यातून एक मायकोबॅक्टेरियम (क्षयरोगाच्या जिवाणूच्या कुळातला) मिळालाय. वाढीचा वेग आणि रंग बघून रनियनच्या चार गटांपैकी तो कुठला, हे ठरवायचंय. झील-नील्सन रंगवणीत लाल दिसतो, एलजे स्लांटवर (ट्यूबमधल्या तिरक्या माध्यमावर) वसाहती दिसायला १६ दिवस लागले. म्हणजे ७ दिवसांच्या आत वाढणारा चौथा गट बाद. पुढे मात्र समजून नाही राहिलं.

३७ अंशांवरच्या दोन्ही ट्यूब, उजेडातली आणि फॉइलमधली (म्हणजे अंधारातली), गडद पिवळ्या झाल्या. म्हणून दुसरा गट, स्कोटोक्रोमोजेन (अंधारातही रंग धरणारा) लिहिला. नळाचं पाणी म्हटल्यावर या गटातली गॉर्डोनी ही जातच मनात होती. पण २५ अंशांवरचा संच (मे महिन्यात इथे २५ अंश कुठले, एसीच्या खोलीतल्या कपाटात ठेवला होता) फॉइलमध्ये फिकट क्रीम निघाला आणि उजेड दाखवल्यावर दुसऱ्या दिवशी पिवळा झाला. हे तर पहिल्या गटाचं, फोटोक्रोमोजेनचं (उजेड मिळाल्यावरच रंगणाऱ्याचं) लक्षण! एकाच जिवाणूचे दोन गट कसे? पुढच्या आठवड्यात मॅडमना तक्ता दाखवायचाय.

प्रतिसाद १: ३७ ची फॉइल मधेमधे उघडून बघितलीस का?

धागाकर्ती: हो, एक दिवसाआड. वाढ कळणार कशी नाहीतर?

प्रतिसाद १: मग ती ट्यूब अंधारातली धरू नकोस. फोटोक्रोमोजेनला थोडा उजेडही पुरतो, कॅरोटिनॉइड (पिवळी रंगद्रव्यं) बनायला लागतात. वाढ बघायला वेगळी उघडी ट्यूब ठेव, फॉइलवालीला तिच्यात भरपूर वाढ दिसेपर्यंत हात लावू नकोस. मग वसाहती कोवळ्या असतानाच, झाकण सैल करून (प्राणवायू लागतो, हे हमखास विसरतात) ६० वॅटच्या दिव्यासमोर २०-२५ सेंटीमीटरवर तासभर ठेव, पुन्हा गुंडाळ, दुसऱ्या दिवशी बघ.

प्रतिसाद २: आणि ३७ ला न उघडताही पिवळीच आली, तर चूक समजून खोडू नकोस. झुल्गाई (मायकोबॅक्टेरियमचीच दुसरी जात) नेमका असाच वागतो: ३७ ला अंधारातही रंग, २५ ला उजेड मिळाल्यावरच. गॉर्डोनी दोन्हीकडे अंधारातच रंगतो, त्यामुळे तुझा २५ चा निकाल खरा असेल तर तो बसत नाही. ३७ लाही क्रीम आली तर पहिला गट. रनियनने १९५९ मध्ये हे गट पाडले ते ढोबळ वाटणीसाठी. जातीचं नाव डीएनए सिक्वेन्सिंग केल्याशिवाय लिहू नकोस.

धागाकर्ती: आजच ३७ आणि २५ ला नवे स्लांट लावते. दोन्हीकडे एकेक ट्यूब फक्त बघायला. मॅडमकडे तीन आठवडे मागून घेते.