न्यायाधीशानं राजीनामा दिला की चौकशीही थांबावी का?

मुठाकाठ (धागा सुरू करणारी)

दिल्ली उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्या. यशवंत वर्मा यांच्या सरकारी बंगल्यात १४ मार्च २०२५ च्या रात्री आग लागली आणि तिथे जळालेल्या नोटा सापडल्याचा आरोप झाला. न्या. वर्मांनी तो साफ नाकारला आहे. १२ ऑगस्ट २०२५ ला त्यांना पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावावर लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी तीन जणांची चौकशी समिती नेमली. सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, मद्रास उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक ज्येष्ठ वकील. न्या. वर्मा दोषी आहेत की नाहीत हे ठरवणं समितीचं काम, आपण इथे ठरवू नये.

माझा प्रश्न पुढचा आहे. समितीचं काम अर्ध्यावर असताना कोणत्याही न्यायाधीशानं राष्ट्रपतींना दोन ओळींचं पत्र लिहिलं तर काय होतं? आजवर तरी सगळं तिथेच थांबलं आहे. सिक्कीम उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. दिनकरन यांनी जुलै २०११ मध्ये चौकशी चालू असतानाच राजीनामा दिला. त्यांच्यावरचे जमिनींचे आरोप समितीसमोर सिद्ध झाले नाहीत आणि खोटेही ठरले नाहीत. त्याच वर्षी कलकत्त्याचे न्या. सौमित्र सेन यांना दूर करण्याचा प्रस्ताव राज्यसभेनं १८ ऑगस्टला मंजूर केला. लोकसभेत मतदान व्हायच्या आत, १ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेनं विषय सोडून दिला. सेन यांच्या बाबतीत निदान अहवाल पूर्ण झाला होता. वकील असताना कोर्टानं रिसीव्हर (वादातली मालमत्ता सांभाळणारा) म्हणून सोपवलेल्या सुमारे ३३ लाख रुपयांचं काय झालं, हे कुणालाही वाचता येतं. दिनकरन यांच्या बाबतीत तेवढंही हाती नाही.

मी राज्य सरकारच्या नोकरीत असताना विभागीय चौकशीच्या फायली हाताळल्या आहेत. तलाठ्यावर चौकशी लागली आणि त्यानं राजीनामा टाकला तर तो सहसा मंजूर होत नाही. तो निवृत्त झाला तरी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम २७ त्याच्या मागे असतो, पेन्शन रोखता येते. सातबाऱ्यावर सही करणाऱ्या माणसाला जे लागू आहे, ते लोकांच्या जमिनींचा आणि आयुष्याचा निकाल देणाऱ्याला का नसावं? माझी मागणी अशी: समिती एकदा नेमली की राजीनामा येवो न येवो, तिनं काम पूर्ण करावं, अहवाल संसदेसमोर यावा, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर पेन्शनवर परिणाम व्हावा.

काळा कोट

ताई, शिवाजीनगर कोर्टात आणि मुंबईला उच्च न्यायालयात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमची तळमळ कळते, पण मागणीला माझा विरोध आहे.

पहिली गोष्ट, न्यायाधीश हा सरकारी नोकर नाही. त्याचा राजीनामा कुणी मंजूर करावा लागत नाही. स्वतःच्या सहीचं पत्र राष्ट्रपतींना दिलं की पुरे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच सांगितलं आहे. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. राजीनामा मंजूर करायचा अधिकार सरकारला दिला, तर तो अडवून ठेवायचाही अधिकार दिल्यासारखं होतं. मग न्यायाधीशाला टांगून ठेवता येईल.

दुसरं, राज्यघटनेचं कलम १२४(४) आणि उच्च न्यायालयांसाठी कलम २१८ यांचा हेतू एकच आहे: अपात्र माणसाला खुर्चीवरून उठवणं. शिक्षा देणं हा हेतू नाही. कलम १२१ पाहा. न्यायाधीशानं आपलं कर्तव्य कसं बजावलं यावर संसदेत चर्चाच करता येत नाही, अपवाद फक्त त्याला दूर करण्याच्या प्रस्तावाचा. माणूस खुर्चीवरून उठला की प्रस्तावाला विषयच उरत नाही. गुन्हा झाला असेल तर पोलीस आहेत, फौजदारी न्यायालय आहे. पद गेल्यावर तो तुमच्या-माझ्यासारखा नागरिक असतो, त्याला तिकडे उभं करा.

मुठाकाठ

फौजदारी कारवाई किती सोपी आहे तेही सांगा ना, वकीलसाहेब. १९९१ च्या वीरास्वामी निकालानुसार पदावरच्या न्यायाधीशावर गुन्हा नोंदवायचा तर आधी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय लागतो. त्यामुळे खुर्चीवर असताना पोलीस सहसा पुढे येत नाहीत. खुर्ची सोडेपर्यंत महिने गेलेले असतात आणि पुरावा शिळा झालेला असतो. साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असलेली समिती नेमकी त्याच काळात कामाला लागलेली असते. तिनं गोळा केलेलं सगळं एका पत्रानं बासनात का जावं?

तिसरं वर्ष, लॉ कॉलेज रोड

मी मुठाकाठ यांच्या बाजूनं आहे. निवृत्तीनंतर आपल्या पुण्यात राहिलेले न्या. पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालची समिती आठवा. न्या. व्ही. रामस्वामी पंजाब आणि हरियाणाचे मुख्य न्यायमूर्ती असताना सरकारी निवासस्थानावर झालेल्या खर्चाचं ते प्रकरण. १९९१ मध्ये १०८ खासदारांनी प्रस्ताव दिला. लोकसभा अध्यक्ष रवि राय यांनी १२ मार्चला तो स्वीकारला आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभा विसर्जित झाली. प्रस्ताव बुडाला असं सरकारनं म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बुडत नाही. न्यायालयानं तेव्हा चौकशी जगवली, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

समितीनं १४ पैकी ११ आरोप सिद्ध धरले. कपिल सिब्बल यांनी लोकसभेत उभं राहून रामस्वामींची बाजू मांडली. ११ मे १९९३ ला मतदान झालं तेव्हा बाजूनं १९६, विरोधात शून्य आणि काँग्रेस आणि मित्रपक्षांचे २०५ सदस्य तटस्थ. सभागृहाच्या निम्म्याहून अधिक सदस्यांचा पाठिंबा लागणारं विशेष बहुमत झालं नाही, रामस्वामी पदावर राहिले आणि पुढच्या वर्षी निवृत्त झाले. या सगळ्यात मतदान पक्षाच्या हातात गेलं, पण समिती कुणाच्या हातात गेली नाही. म्हणून मला वाटतं, प्रस्तावाचं काहीही होवो, समिती वाचवली पाहिजे.

पर्वतीकर

मी आणीबाणी पाहिली आहे, म्हणून लिहितो. १९७३ मध्ये न्या. शेलाट, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर यांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनी राजीनामे दिले. सत्तेपुढे वाकायचं नसलेल्या न्यायाधीशाकडे राजीनामा हेच शेवटचं हत्यार उरतं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयांच्या १६ न्यायमूर्तींच्या बदल्या त्यांना न विचारता झाल्या. आज अशा प्रस्तावासाठी लोकसभेत १०० सह्या किंवा राज्यसभेत ५० सह्या गोळा करणं कुठल्याही सत्ताधारी पक्षाला अवघड नाही, आणि प्रस्ताव स्वीकारायचा की नाही हे ठरवणारा पीठासीन अधिकारीही बहुमतातूनच आलेला असतो. २०१८ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धचा विरोधी पक्षांचा प्रस्ताव राज्यसभेच्या सभापतींनी आरंभीच फेटाळला. सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्याला उद्या कळेल की घरी बसलो तरी चौकशी आणि पेन्शन यांची दोरी मानेला आहे, तेव्हा त्याची लेखणी कशी चालेल याचा विचार तुम्ही करत नाही.

मुठाकाठ

विचार केला आहे. त्या तिघांवर कुठलीही चौकशी नव्हती. मी सांगते ती तरतूद समिती नेमल्यानंतरच लागू होईल. आणि समिती म्हणजे सत्ताधाऱ्यांचे खासदार नव्हेत, तिच्यात दोन न्यायाधीश असतात. मध्य प्रदेशचे न्या. एस. के. गंगेले यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप होता. समितीनं २०१७ मध्ये तो सिद्ध झाला नाही असं सांगितलं आणि विषय संपला. निर्दोष माणसाला तर पूर्ण झालेली चौकशी हवीच असते.

त्याच प्रकरणाची दुसरी बाजूही सांगते. तक्रार करणाऱ्या अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश बाईंनी २०१४ मध्ये राजीनामा दिला होता. तो स्वेच्छेनं दिलेला नव्हता असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये त्यांना पुन्हा सेवेत घ्यायला लावलं. म्हणजे खालच्या न्यायाधीशाचा राजीनामा आठ वर्षांनी तपासता येतो, त्यामागची परिस्थिती बघता येते. वरच्यांच्या राजीनाम्यामागे काय आहे हे मात्र कुणी विचारायचं नाही?

हवेलीकर

मी वकील नाही. आमचं वाटणीचं अपील वडिलांच्या काळापासून उच्च न्यायालयात आहे. कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही, म्हणून तारखेला सकाळच्या डेक्कन क्वीननं मुंबईच गाठावी लागते. कुणाची पेन्शन थांबली काय न थांबली काय, मला फरक पडत नाही. एखाद्या न्यायमूर्तीवर असा आरोप झाला, तर त्यांनी आधी दिलेल्या निकालांचं काय होतं? आम्ही पक्षकारांनी कुणाकडे जायचं? यावर कुणी बोलत नाही.

काळा कोट

तुमचा प्रश्न रास्त आहे. ते पदावर असताना दिलेले निकाल कायम राहतात. न्यायाधीशाची नेमणूकच पुढे बेकायदा ठरली तरी त्याचे निकाल टिकतात, असं १९८१ मध्ये ठरलं आहे. नाहीतर हजारो पक्षकारांचे निकाल एका रात्रीत उडतील. तुमच्याच प्रकरणात पैसे चालल्याचा किंवा पक्षपाताचा ठोस पुरावा असेल, तर अपील किंवा पुनर्विलोकनाचा मार्ग आहे.

आणि हे लिहिताना एक गोष्ट मला मान्य करायला हवी. तो पुरावा पक्षकाराला मिळणार कुठून? अहवालच नसेल तर त्याच्या हातात काहीच नाही. म्हणून ताई, तुमची अर्धी मागणी मी उचलतो. न्यायाधीश (चौकशी) अधिनियम, १९६८ च्या कलम ४ मध्ये अहवाल सभागृहासमोर ठेवण्याची तरतूद आहेच. तिथेच एक पोटकलम घालता येईल: समिती नेमल्यानंतर न्यायाधीशानं पद सोडलं तरी समिती अहवाल पूर्ण करील आणि तो सभागृहासमोर ठेवला जाईल, दूर करण्याचा प्रस्ताव मात्र पुढे चालणार नाही. पेन्शनला मी हात लावू देणार नाही.

मुठाकाठ

पेन्शनचा मुद्दा मी सोडत नाही, तो वेगळ्या पत्रात मांडीन. तुमचं पोटकलम मला चालेल. पुणे, बारामती, शिरूर आणि मावळ या चारही खासदारांना हिवाळी अधिवेशनाच्या आधी ते पाठवू या. मसुदा तुम्ही करा, टंकलेखन आणि सह्या माझ्याकडे.

पर्वतीकर

माझी सही धरू नका. मसुदा करणारच असाल तर एक ओळ स्पष्ट लिहा, की समिती नेमण्याआधी दिलेल्या राजीनाम्याला हे पोटकलम लागू होणार नाही, नुसत्या सह्या झालेल्या असल्या तरीही नाही. ती ओळ नसेल तर त्याच चार खासदारांना मी विरोधाचं पत्र पाठवीन.