'कंपोस्टेबल' छापलं म्हणजे झालं का?

उकिरडाप्रेमी, लातूर
परवा इथं एका व्यापारी मित्रानं लिहिलं की कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्यांच्या लेबलावर सरकारनं एवढे नियम लादायची गरज नाही, गिऱ्हाईक शहाणं असतं. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. गिऱ्हाइकाला काय कळतं ते ऐका. हिरवं पान छापलेल्या कॅरीबॅगा आम्ही परसातल्या उकिरड्यात शेणाबरोबर टाकल्या. पावसाळा उलटल्यावर खत उपसलं, तर पिशवी फावड्याला गुंडाळून वर आली आणि त्यावरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. आता कंपनी म्हणेल आम्ही खोटं कुठं बोललो? बरोबर आहे. कंपोस्टेबल प्लॅस्टिकचं जागतिक मानक आयएसओ १७०८८, त्याची कसोटी लागते ती साधारण ५८ अंशांवर, १८० दिवसांत ९० टक्के कुजण्याची. म्हणजे खताच्या कारखान्यात, प्लांटात. म्हणून तर प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीत 'फक्त औद्योगिक कंपोस्टिंगमध्येच' असं छापायला लावलं. ती ओळ त्या हिरव्या पानाएवढी मोठी हवी, मुंगीच्या अक्षरात नको.

वाणी_जालना
तो व्यापारी मित्र मीच, आडून कशाला बोलता? नियम नकोत असं मी म्हणालो नव्हतो, एकावर एक किती असं म्हणालो होतो. २०१८ ला राज्याची प्लॅस्टिकबंदी. २०२२ च्या १ जुलैला केंद्राची. पिशवीची किमान जाडी आधी ७५ मायक्रॉन, मग १२०. कंपोस्टेबलला जाडीची सूट, पण केंद्रीय प्रदूषण मंडळाचं प्रमाणपत्र पाहिजे. पथक येतं, पिशवी चुरगाळून बघतं आणि पहिल्याच फटक्याला ५,००० ची पावती फाडतं. पिशवी खरी की खोटी हे ना त्यांना कळतं ना मला. मी गल्ल्यामागं प्रयोगशाळा काढू का?

कोरडवाहू_बीड
५८ अंशच ना? मे महिन्यात आमच्या पत्र्यावर टाका. आपोआप कुजंल.

मास्तरीण, परभणी
उन्हानं वस्तू वाळते, कुजत नाही. ढीग आतून तापतो तो जिवाणूंमुळे आणि त्यांना ओल लागते, जवळपास निम्मी. टँकरची वाट बघणारं गाव ढिगावर पाणी शिंपडणार आहे का?

कोरडवाहू_बीड
बरं बाई, मानलं. पण तुम्ही पिशव्या काय धरून बसलात? मपल्या वावरात या. टरबुजाला मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायचा प्लॅस्टिकचा कागद, अंथरला, पीक निघालं, कागद काढायला मजूर मिळंना, शेवटी रोटाव्हेटर घातला. आता जिथं उकराल तिथं काळ्या चिंध्या, सोयाबीन उपटलं तर मुळीला गुंडाळलेल्या. मग दुकानदारानं 'मातीत विरघळणारा' म्हणून जास्त भावाचा दिला. तो टरबूज धरायच्या आत फाटला आणि तुकडे अजून तसेच हायत. त्याच्या लेबलाचं कोण बघणार?

ठिबकवाला, भोकरदन
मल्चिंगला शिव्या घालू नका, आमची मिरची त्याच्यावर उभी आहे. तण नाही, पाणी कमी. ३० मायक्रॉनचा घ्यायचा आणि रोटाव्हेटरच्या आधी गुंडाळून काढायचा. आळस तुमचा, दोष कागदाला.

कोरडवाहू_बीड
आळस? मजुरी तुम्ही देता का? गुंडाळून बांधावर टाकला तर न्यायला कोण येतं? माती लागलेला माल भंगारवाला हातात धरत नाही. मग लोक पेटवतात आणि धूर गावानं खायचा.

ठिबकवाला, भोकरदन
झटकून, धुऊन द्या की. आम्ही देतो.

कोरडवाहू_बीड
धुवायला पाणी? तुमच्या शेततळ्यातून पाठवा मग.

मास्तरीण, परभणी
दोघंही जरा थांबा. मातीत कुजणाऱ्या मल्चिंगची कसोटी वेगळी असते. युरोपात २०१८ पासून ईएन १७०३३ आहे: २० ते २८ अंशांच्या मातीत दोन वर्षांत ९० टक्के कुजलं पाहिजे. प्लांटात कुजणारा माल वावरात कुजेलच असं नाही. आपल्याकडेही 'बायोडिग्रेडेबल' म्हणणाऱ्यानं किती दिवसांत आणि कशात, मातीत की पाण्यात, हे छापायचंय. कोरडवाहू, तुमच्या गुंडाळीवर यातलं काय होतं?

कोरडवाहू_बीड
गायीचा फोटो.

वाणी_जालना
धागा लेबलाचा होता, इथं कृषी प्रदर्शन भरलं! बरं, छापा ती ओळ मोठी, माझं काही जात नाही. पण ते औद्योगिक कंपोस्टिंग आपल्याकडं कुठल्या गावात होतं ते दाखवा. २०१८ ला कचरा डेपोजवळच्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा संभाजीनगरात चौकाचौकात कचऱ्याचे डोंगर होते, मिटमिट्यात दगडफेक झाली. त्यानंतर प्लांट झाले, मान्य. पण ही पिशवी घंटागाडीत ओल्यात टाकू की सुक्यात? ओल्यात टाकली तर तिथला माणूस प्लॅस्टिक समजून उपसून काढतो. सुक्यात टाकली तर चांगल्या प्लॅस्टिकच्या भंगारात भेसळ.

उकिरडाप्रेमी, लातूर
हे परवाच लिहिलं असतं तर माझी संध्याकाळ वाचली असती. ऑक्टोबर २०२४ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत: पर्यावरणाचा दावा करणाऱ्यानं पुरावा द्यायचा. म्हणजे दंडाची पावती लेबल छापणाऱ्याच्या नावानं फाटली पाहिजे, तुमच्या नाही. बाकी तुमच्या गठ्ठ्यावर प्रमाणपत्राचा नंबर आहे का?

वाणी_जालना
उद्या दुकान उघडल्यावर बघतो. नसला तर गठ्ठा परत आणि तुमचा हा धागा सप्लायरला पाठवतो, भांडा त्याच्याशी.

कोरडवाहू_बीड
आन् मपल्या चिंध्यांचं?

ठिबकवाला, भोकरदन
पुढच्या हंगामात आधी गुंडाळा.